साडूंचा वेग

वेगाचा इतका ध्यास घेतलेला आणि स्वतः इतका सावकाश असलेला माणूस आमच्या साडूंशिवाय सगळ्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. त्यांच्या स्कूटरला तिसरा गिअर आहे, हे तिच्या मेकॅनिकलाही आठवत नसावं. जेवायला बसले की वाटीतला तांबडा रस्सा निवून त्यावर तवंग थिजेपर्यंत त्यांची पहिली चतकोर भाकरी चालू असे. राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटपर्यंतचे तीन मजले चढायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात आमची अक्का खाली येऊन भाजी घेऊन परत वर गेलेली असे. आणि हाच माणूस, घरातल्या संगणकावर एखादी फाइल उतरायला पाच मिनिटं जास्त लागली, तर भिंतीकडे बघून असं काही बोले की शेजारच्या फ्लॅटमधली बाई आपलं दार लावून घेई.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको आणि तिचं बघून मी, आम्ही तिला अक्का म्हणतो आणि त्यांना दाजी. ते मात्र माझ्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी मला अजून ‘पावणं’ म्हणतात, जणू मी उद्या उचगावला परत जाणार तो पुन्हा येईनच असं काही नाही. त्यांनी जन्मभर लग्नाचं शूटिंग केलं. खांद्यावर कॅमेरा वाहून वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला आहे. कुणाच्याही घरी गेले की आधी उजेड बघायचे, मग माणसं. ही खोड त्यांना मातीलासुद्धा सोडत नसे. माझे चुलते वारले तेव्हा सगळे रडत असताना हे हळूच माझ्या चुलतीजवळ गेले आणि म्हणाले, “काकी, जरा डावीकडं सरा, मागनं ऊन येतंय.” आणि चुलती तशाही अवस्थेत सरली, कारण तिच्या तिन्ही मुलींच्या लग्नात तिनं हेच वाक्य दिवसभर ऐकलं होतं.

त्यांचं दुकान नदीकडच्या सखल पेठेत होतं. महापुरात ते माडीपर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर मी गेलो, तर दाजी दारात पाटावर बसून बादलीतल्या पाण्यात एकेक कॅसेट धूत होते. आतली फीत बोटाला लागून निघत होती, चिखलातल्या शेवाळासारखी. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, “निम्मी लग्नं मोडली बघा, पावणं.” ते हसतील म्हणून मी थांबलो. ते हसले नाहीत. जी कॅसेट वाचली ती त्यांनी नंतर कॅमेऱ्यात घालून, तासाची कॅसेट तासभर चालवून, संगणकात घेतली. अशी दोन वर्षं गेली. तेव्हा पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं त्यांना एक काळा डबा आणून दिला. दोन विटा उभ्या ठेवाव्यात एवढा, आत चार डिस्क. सगळी लग्नं ह्या डब्यात भरायची, डबा घराच्या नेटवर्कला जोडायचा, आणि मग घरातल्या कुठल्याही खोलीत बसून, टीव्हीवर, संगणकावर, हवं ते उतरवून बघायचं. मुलगा एवढं सांगून, सगळं जोडून, त्याच दुपारी पुण्याला गेला. आणि घराची शांतता घेऊन गेला.

कारण लग्न उतरेना. नवरी पाटावर बसायला खाली वाकायची आणि तिथंच थांबायची. पडद्यावर एक चकती गरगर फिरायची. मिनिटानं नवरी बसायची. दाजींनी इंटरनेटवाल्याला फोन करून झाडलं. तो बिचारा सांगून थकला की काका, घरातल्या डब्यातून घरातल्या संगणकावर येताना आमचा काही संबंध नाही. हे पटायला दाजींना महिना लागला, पण पटल्यावर ते त्या धर्माचे प्रचारकच झाले. येईल त्याला सांगायचे, “कंपनीनं दारापर्यंत हायवे दिलाय हो. पर घरात सगळी पाणंद हाय. पाणंदीतनं उसाची ट्रॉली कशी जाणार?” मग पाणंद रुंद करायचं काम सुरू झालं. वायफायची पेटी आणि संगणक यांच्या मधे अक्काचं लोखंडी कपाट होतं. लोखंड वेग खातं, असं ठरलं. चार हमाल बोलावून कपाट हलवलं, ते दुसरीकडे कुठंच मावेना, म्हणून स्वयंपाकघराच्या बोळात उभं केलं. तेव्हापासून त्या घरात चहा आडवा चालत येतो. “मला आता जाड व्हायची सोयच ऱ्हायली न्हाय,” अक्का म्हणाली. नंतर पेटीला उंचावरची, घराच्या मधोमध जागा हवी असं निघालं, आणि तशी जागा देवघराची होती. देव अर्धा फूट डावीकडे सरले. दुसऱ्या दिवशी अक्कानं पूजा करताना त्या पेटीलाही हळदकुंकू लावलं. श्रद्धेनं लावलं की रागानं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मी हे सगळं हसून सांगत असे, शाळेतल्या मास्तरांच्या खोलीत तर अभिनयासकट. पुढं जे झालं त्यानंतर मी ते थांबवलं.

उचगावात माझ्या मागच्या गल्लीत एक बँडवाले राहत. लाल कोट घालून क्लॅरोनेट वाजवायचे. सनईसारखं काळं, लांब वाद्य. सगळ्या बँडाच्या गोंगाटावर गाणं तेच धरून असतं. छातीच्या दुखण्यानं ते गेले. त्यांची बायको साड्यांना फॉल-पिको करते, आमच्या घरच्या साड्या तिच्याकडेच जातात. एक दिवस साडी द्यायला आली आणि उंबऱ्यावरच घोटाळली.

“मास्तर, तुमचे साडू शूटिंगवाले न्हवं?”

“व्हय. का?”

“आमच्या ह्यांचा फोटो हाय घरात. आधार कार्डावरचा मोठा करून लावलाय. पर त्यात ते गप हाइत.” तिनं साडीची घडी उगाचच पुन्हा घातली. “नातीला सांगते, तुजा आजा वाजवायला लागला की वरात हलायची न्हाय जागची. तर ती म्हणती, मोबाइलवर दाखव. जन्मभर दुसऱ्याच्या लग्नात वाजवलं त्यांनी. कुणाच्या तरी लग्नात घावतील की.”

मी तिला दाजींकडे घेऊन गेलो. तीच माझी ह्या प्रकरणातली करामत. मला वाटलं होतं, दाजी नेहमीप्रमाणे पाणंदीची गोष्ट सांगून तिला वाटेला लावतील. त्यांनी तिला खुर्ची ओढून दिली. तिनं नवऱ्याच्या बँडाचं नाव सांगितलं, तो दिसायला कसा होता ते सांगितलं: उंच, मान जरा पुढं, वाजवताना डावा डोळा मिटायचा. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाभी, जरा दिवस लागतील.” ती जिना उतरेपर्यंत ते दारात उभे राहिले. मग मला म्हणाले, “वळखतो मी त्यास्नी. शंभर लग्नं केली असतील आमी दोघांनी. आणि दरवेळी मी त्यास्नी कापलंय.”

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. लग्नाची कॅसेट बनवताना बँडवाल्याचं तोंड कोण ठेवतंय? गिऱ्हाईक म्हणतं, आमचे पावणे दाखव. म्हणून बँड दिसला की कात्री. आणि वरातीचा आवाज तर सगळाच काढायचा आणि त्यावर सिनेमातलं गाणं घालायचं. “तो मानूस छाती फुटूस्तवर वाजवायचा. आणि मी घरी येऊन त्याचा आवाज पुसायचो आणि तेच गाणं कॅसेटवरनं लावायचो. तेच गाणं, पावणं!”

उपाय एकच होता. दुकानातनं गिऱ्हाइकाला दिलेल्या नव्हे, तर कापाकापीच्या आधीच्या कच्च्या शूटिंगमध्ये शोधायचं. ते डब्यात होतं, पुरातून वाचलं तेवढं. एकेका लग्नाचं पाच-पाच, सहा-सहा तास. अशी शेकड्यांनी लग्नं, आणि त्यात कुठंतरी कडेला उभा राहिलेला, मान पुढं काढलेला एक माणूस.

आता वेगाचं वेड राहिलं नाही, वेगाची निकड झाली. कारण शोधायचं म्हणजे सारखं पुढं पळवायचं, आणि पळवलं की चित्र थांबायचं. दाजींनी वायफाय सोडून दिलं आणि वायरीवर आले. वायर टाकली तरी वेग सेकंदाला अकरा एमबीच्या वर चढेना. आठ दिवस ते अकरा-अकरा करत होते. अखेर मुलाला फोन लावून, एकेक जोड उघडून बघितल्यावर सापडलं की ती जुनी वायर आतून निम्मीच होती, आठाऐवजी चारच तारा, आणि सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात ती छोटी पेटीही जुन्या काळातली. दाजींनी नवी वायर आणली. सुतार, गवंडी कुणी नको. मांडवात आयुष्यभर लायटिंगच्या माळा ओढलेला माणूस, त्यानं स्टुलावर चढून छताच्या कडेकडेनं ती ओढली, मांडवासारखीच, मधे मधे झोल देऊन. आणि आकडा एकदम एकशे दहावर गेला. दाजी खाली जाऊन पेढे घेऊन आले. जिन्यात सगळ्या घरांत वाटले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पेढा घेऊन विचारलं, “मुलगा की मुलगी?”

“एकशे धा,” दाजी म्हणाले आणि वर गेले.

मग त्या घरात कायदे आले. डबा स्वतःची नक्कल करून ठेवत असतो त्या वेळी त्याला हात लावायचा नाही. डबा गच्च भरायचा नाही, भरला की तो धापा टाकतो. बारीकसारीक फाइली एकेक करून मागायच्या नाहीत, गठ्ठा करून मागायच्या. “चिरमुऱ्याचं पोतं उचलाय सोपं असतंय. एकेक चिरमुरा वेचत बसलासा तर सांज व्हती.” येणाऱ्या पाहुण्यांनी मोबाइल दारातल्या परातीत ठेवायचे, बंद करून. त्यांच्या मुलानं फोनवर दहादा सांगितलं की बाबा, आता तुमचा डबा आणि संगणक सरळ वायरीनं जोडलेत, पाहुण्यांच्या मोबाइलनं काही फरक पडत नाही. दाजी “बरं, बरं” म्हणायचे आणि परात तिथंच ठेवायचे.

कारण वेग अजून पुरत नव्हता. मी रविवारी जायचो तेव्हा ते पडद्याला नाक लावून बसलेले असायचे. “चित्र पुरं येत न्हाय अजून,” ते म्हणायचे. “मधलं येतंय, कडा येत न्हाइत. कडंला काळं ऱ्हातंय. डेटा कमी पडतोय कुठंतरी.” आणि तो शोधायचा माणूस तर कडेलाच उभा असायचा! मी पडद्याकडे बघायचो. मला चित्र पुरं दिसत होतं, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पण मला त्यातलं काय कळतंय, मी मराठीचा मास्तर, असं म्हणून मी मान हलवायचो. चहाचा कप ते टेबलाच्या कडेबाहेर ठेवायचे आणि कप फुटला की वायरीवर चिडायचे. बोळातल्या त्या कपाटाला त्यांचा खांदा रोज लागायचा. अक्का म्हणायची, “कपाट तुमीच आणलंय हितं, आता मला बोलू नका.” आम्ही सगळे त्यांच्याकडे इतकी वर्षं गंमत म्हणून बघत आलो होतो की आम्हाला दुसरं काही दिसलं नाही.

तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. “भाभीस्नी घेऊन या. तेरा घावले.”

मी तिला घेऊन गेलो. दुपार होती. तिनं कपाटातली साडी नेसली होती, घडीच्या रेषा अजून तशाच. तिनं आपला मोबाइल न सांगता परातीत ठेवला. दाजींनी पडदे ओढले, तिला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि तेरा तुकडे एकामागून एक लावले.

पहिल्यात तो लाल कोट फक्त मागून दिसला. दुसऱ्यात अर्धा, नवरदेवाच्या घोड्याच्या मानेआड. पण आवाज होता. जनरेटरच्या घरघरीतून, माणसांच्या आरड्यातून तो आवाज वर यायचा आणि ती बाई ताठ व्हायची. पाचव्यात तो मिटलेला डावा डोळा दिसला. तिचा हात पदराशी गेला. नववा तुकडा सगळ्यांत लांब होता. वरात अजून निघायची होती. बाकीचे बँडवाले चहाला गेले असावेत. हा एकटाच कार्यालयाच्या पायरीवर बसून, कुणासाठीच नाही असं, हळू आवाजात एक चाल धुंडाळत होता. दोनदा चुकला, परत मागे गेला, तिसऱ्यांदा सापडली तशी त्याची मान डोलली. आणि तेवढ्यात कॅमेऱ्यामागून एक तरणा, खणखणीत आवाज आला:

“ओ बँडवालं, सरा की तिकडं! नवरदेव यायलाय, मधी दिसताय तुमी.”

तो लगेच उठला, कॅमेऱ्याकडे बघून जरा वाकला, आणि वाद्य छातीशी धरून चित्राबाहेर गेला.

तो आवाज दाजींचा होता. ते खाली मान घालून बसले होते.

“लगेच सरले बघा,” ती बाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. “असेच हुते. कुणी सर म्हनलं की सरायचे. मोहल्ल्याच्या नळावर बी आमचाच नंबर शेवटचा.”

“भाभी,” दाजी म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

“असू दे हो दादा. तुमचं काम तुमी केलंसा. पुढचं लावा.”

उरलेले चार तुकडे लागले. चारही वेगवेगळ्या लग्नांतले, लाल कोट, काळं वाद्य. ती शांतपणे शेवटपर्यंत बघत राहिली. दाजींनी विचारलं, “हेच न्हवं?” ती म्हणाली, “व्हय दादा. हेच.” दाजींनी सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये भरून तिच्या हातात दिलं. तिनं ते डोळ्यांना लावलं.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. वर बघितलं, दार लागलंय ना ते. मग म्हणाली, “मास्तर, पयले नऊ आमचे हाइत. मागचे चार आमचे न्हाइत.”

“म्हणजे?”

“दुसराच मानूस हाय. बुटका हाय, दोन्ही डोळे उघडे ठेवून वाजवतोय. तान्ह्या पोराला बी कळंल. त्यास्नी सांगू नका, तीन महिने खपलेत ते. पर मास्तर, त्यांचे डोळे दाखवा कुणाला तरी. मी सुईदोऱ्याचं काम करते, मला कळतंय. त्यास्नी दिसत न्हाय.”

मी तिला उचगावला सोडलं आणि तसाच परत आलो. त्या परतीच्या वाटेवर गेल्या वर्षभरातला एकेक कप, एकेक धक्का, कडेचं एकेक काळं मला आठवत गेलं. राजारामपुरीत गल्लीगणिक दवाखाने आहेत. त्यांच्या घरापासून डोळ्यांचा दवाखाना चालत पाच मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी मी आणि अक्कानं त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, सोशिक. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगून बराच वेळ तपासलं, मग पुन्हा तपासलं. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांना, जुना. कडेनं नजर खात खात आत येत होता.

“काका, हे कधीपासून होतंय?”

“वर्स झालं असंल.”

“मग इतके दिवस आला का नाहीत?”

“मला वाटलं,” दाजी म्हणाले, “वायरीचा दोष हाय.”

डॉक्टर बाईंना काही कळलं नाही. अक्कानं तोंड भिंतीकडे वळवलं. बाईंनी समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे, वेळेवर घालायचे, आणि उरलेली राखायची. दाजींनी लहान मुलासारखी मान हलवली. मग विचारलं, “उरलेली म्हंजे किती?” त्या म्हणाल्या, “ते मी आज नाही सांगू शकत.”

थेंब चालू आहेत. उरलेल्यातलीही थोडी दर तपासणीला कमी निघते. बोळातलं कपाट आता परत जुन्या जागी गेलं आहे, हमाल मीच आणले. परातही दारातून उठली. डबा मात्र चालू आहे. अजूनही कुणी ना कुणी येतं: गेलेल्या बापाचं, सासरी जाऊन न परतलेल्या बहिणीचं काही मिळेल का विचारत. अक्का शोधते, दाजी बाजूला बसून सांगतात. आवाज ऐकूनच त्यांना कुणाचं लग्न ते कळतं. भटजींच्या खोकल्यावरून कळतं. त्या चार तुकड्यांबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मागच्या गल्लीतून कधी संध्याकाळी मोबाइलवर ती क्लॅरोनेट ऐकू येते. पायरीवर चुकत चुकत सापडलेली ती चाल येते, तो तरणा आवाज येतो, आणि तिथंच बंद होते. दहावा तुकडा मी आजवर ऐकलेला नाही.

गेल्या थंडीत दाजी एकदा म्हणाले, “पावणं, नृसिंहवाडीला जाऊन येऊ.” देवाचं त्यांना फारसं नसायचं, म्हणून मी काही विचारलं नाही. सकाळच्या एसटीनं गेलो. दर्शन झाल्यावर ते म्हणाले, घाटावर बसू. त्यांचा हात धरून मी एकेक पायरी उतरलो आणि आम्ही पाण्यापासून दोन पायऱ्यांवर उन्हात बसलो.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“नदी. पाणी निवळलंय चांगलं. संगमाकडं ऊन पडलंय, पलीकडं—”

“पाणी ऱ्हाऊ द्या हो. मानसं सांगा.”

मी माणसं सांगू लागलो. मला ते जमत नव्हतं. एक बाई आहे, एक म्हातारा आहे, असं मी सांगायचो आणि ते विचारायचे, कुठं बघतोय म्हातारा? हातात काय हाय? मी पुन्हा बघायचो. डावीकडं एक जोडपं होतं, साठीच्या पुढचं. गडी कमरेपर्यंत पाण्यात उतरला होता आणि मग त्याला आठवलं की डोळ्यांवर चष्मा आहे. तो इकडं तिकडं बघायला लागला, कुठं ठेवावा म्हणून. बायको काठावर ओलं धोतर पिळत होती. तिनं त्याच्याकडं न बघताच एक हात लांब केला आणि त्यानं चष्मा त्या हातात ठेवला.

दाजी हसले. कितीतरी दिवसांनी. “हे घेतलं असतं मी,” ते म्हणाले. “न बघता हात केला न्हवं? हेच घ्यायचं असतंय. मग?”

“बुडी मारली त्यानं. तीनदा.”

“मग?”

“आला वर. डोळे मिटलेलेच आहेत. हात पुढं केलाय.”

“दिला तिनं चष्मा?”

“दिला.”

“पुसून दिला का?”

मी पुन्हा वळून बघितलं. मधे एक घोळका येऊन उभा राहिला होता. तो हलला तेव्हा त्या पायरीवर फक्त ओली पावलं होती.

“व्हय,” मी म्हणालो. “पदरानं पुसून दिला.”